दहा फुटांची मिनी आणि मोटरवेवरचे पेट्रोल

17 डिसेंबर 1956. त्या दिवसापासून ब्रिटनमध्ये पेट्रोल कुपनावर मिळू लागले. जुलैत इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, मग युद्ध झाले. बुडवलेल्या जहाजांनी कालवा अडला आणि आखातातून येणाऱ्या तेलाची वाट बंद झाली. खासगी मोटारवाल्याच्या वाट्याला महिन्याला साधारण 200 मैलांपुरते पेट्रोल येई. हे रेशनिंग पाच महिन्यांत संपले, पण तेवढ्या काळात रस्त्यांवर अंड्याच्या आकाराच्या, एक-दोन सिलिंडरच्या ‘बबल कार’ दिसू लागल्या होत्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या मुळीच आवडत नसत. पेट्रोल कमीच खाणारी, पण खरीखुरी मोटार बनवा, असे काम त्यांनी अलेक इसिगोनिस यांच्यावर सोपवले.

इसिगोनिस यांचा जन्म 1906चा, तुर्कस्तानातल्या स्मर्ना म्हणजे आजच्या इझमिरचा. 1948ची मॉरिस मायनर त्यांचीच. ती पुढे भारतात ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने धावली. आता अट होती दहा फुटांची. तेवढ्या लांबीत चार मोठी माणसे, सामान आणि कंपनीकडे तयार असलेले चार सिलिंडरचे इंजिन बसवायचे होते. त्यांनी इंजिन आडवे ठेवले, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली सरकवला आणि दोघांना एकाच तेलावर चालवले. चाके फक्त दहा इंचांची, तीही चार कोपऱ्यांत. गाडीच्या लांबी-रुंदीतली सुमारे 80 टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद ही मांडणी पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली. मारुती 800 घेऊन महाबळेश्वरला गेलेली आपली कुटुंबेही त्याच मांडणीत बसून गेली.

26 ऑगस्ट 1959 रोजी ही गाडी, म्हणजेच मिनी, बाजारात आली. किंमत करांसह 497 पौंडांच्या आत, इंजिन 848 सीसी, ताकद 34 अश्वशक्ती, वेग ताशी 72 मैल, म्हणजे 116 किलोमीटर. अ‍ॅव्हरेज गॅलनला 40 मैलांच्या आसपास. आपल्या भाषेत लिटरला चौदा किलोमीटर.

त्यानंतर दहाच आठवड्यांनी, 2 नोव्हेंबरला, लंडनच्या उत्तरेला एम-1 मोटरवेचा पहिला मोठा टप्पा खुला झाला. वेगमर्यादा नव्हतीच. गल्लीबोळांसाठी, कुपनाच्या हिशोबाने घडवलेल्या गाडीपुढे अचानक मैलोन्‌मैल सरळ रस्ता आला.

मिनीची काटकसर होती वजनात. गाडी जेमतेम सहाशे किलोंची. शहरात पुन्हा पुन्हा थांबून वेग घेताना हलक्या गाडीचा फायदा पावलोपावली मिळतो. मोटरवेवर मात्र वजन फारसे आड येत नाही, आड येते ती हवा. तिचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि मिनीचे नाक उभे, पाठ सपाट. ताशी 70 मैलांवरून 55वर आले, की हा रेटा 38 टक्क्यांनी घटतो. अंतर तेवढेच, इंजिनाचे कष्ट मात्र पुष्कळ कमी.

दुसरी अडचण गिअरची. गिअर चार, पाचवा नाहीच. सुरुवातीच्या गाड्यांत शेवटचे प्रमाण, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्समधून येणारे फेरे, 3.765 होते. त्यामुळे टॉप गिअरमध्ये ताशी 60 मैलांना इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेई, 70ला सुमारे 4,700. त्या वेगात आत बसलेल्यांना एकमेकांशी ओरडून बोलावे लागे. पेट्रोलची टाकी होती साडेपाच गॅलनची, म्हणजे 25 लिटरची. लंडनहून एडिनबरो 400 मैल. पूर्ण टाकी निम्म्याहून थोडे पुढे नेई.

1965च्या डिसेंबरात 70 मैलांची मर्यादा तात्पुरती आली आणि 1967मध्ये कायम झाली. 1973च्या तेलटंचाईत ती काही काळ 50वर आणली गेली. सरकारने कुपनेही वाटली, पण वापरायची वेळ आली नाही. गाडीच्या जन्माचे कारणच जणू सतरा वर्षांनी परत आले होते.

गिअरच्या अडचणीवर कारखान्याने खरे उत्तर शोधले ते आणखी उशिरा. 1982च्या ‘ई’ मॉडेलांत 998 सीसीचे सुधारलेले इंजिन आले आणि शेवटचे प्रमाण 2.95 झाले. आता 70 मैलांना इंजिन सुमारे 3,700 फेऱ्यांवर शांत चाले. चढावर तिसऱ्या गिअरवर यावे लागे, हे खरे. पण लांब प्रवासासाठी मिनीत झालेला सर्वांत शहाणा बदल तोच होता. अनेक मालक जुन्या गाडीतही असे प्रमाण बसवून घेतात.

बाकीची बचत चालवणाऱ्याच्या हातात राहिली. त्यात जादू कुठलीच नाही. इंजिन तापले की चोक लगेच आत ढकलायचा, कारण विसरलेला चोक पेट्रोल नुसते ओततो. एसयू कार्बोरेटरमध्ये पिस्टन वर-खाली होऊन हवेची वाट कमी-जास्त करतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोल मोजते. त्याच्या डॅम्परमध्ये तेल हवे, सुई झिजलेली नको. प्लगचे टोक बिस्किटी रंगाचे असेल तर मिश्रण बरोबर. काळी काजळी दिसली, की पेट्रोल जास्त जाते आहे. पॉइंटची फट, टॅपेट, चाकांतली हवा नीट तपासायची. टपावरचे रिकामे कॅरिअर उतरवून ठेवायचे. आणि पाय हलका. ब्रिटनमधले अवजड ट्रक वेगनियंत्रकामुळे ताशी 56 मैलांपुढे जात नाहीत. त्यांच्याच डाव्या लेनमध्ये, त्याच वेगाने, पण सुरक्षित अंतर राखून चालणे ही मिनीची लांब पल्ल्याची खरी चाल. ट्रकच्या शेपटीला चिकटून हवेचा आडोसा घ्यायचा मोह मात्र कधीही करू नये. इतक्या छोट्या गाडीला आणि तिच्या जुन्या ब्रेकना ती चूक झेपणारी नाही.

हलक्या पायाने इंजिनही वाचते. शिशाचे पेट्रोल 1999च्या अखेरीस ब्रिटनच्या पंपांवरून गेले. जुन्या मिनींच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका त्या शिशाच्या भरवशावर टिकत. शिशाविना त्या झिजू लागतात, आणि सर्वांत जास्त झिजतात त्या तासन्‌तास भरधाव चालवल्यावर. म्हणून हेड उतरवून कडक धातूच्या बैठका बसवून घेतात. 2021पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, त्यामुळे मालक पाच टक्क्यांचे महाग पेट्रोल भरतात. लिटरमागे जास्त मोजल्यावर प्रत्येक थेंबाचा हिशोब आपोआप होतो.

4 ऑक्टोबर 2000 रोजी लाँगब्रिजच्या कारखान्यातून शेवटची मिनी बाहेर पडली. तोवर 53,87,862 गाड्या झाल्या होत्या. त्या शेवटच्या गाडीतले प्रमाण 2.76पर्यंत उतरले होते. गिअर मात्र चारच, आणि गिअरबॉक्स अजूनही इंजिनाच्या पोटाखाली.