रांजणाच्या काठचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, तलवारी आणि तहनामे उभे राहतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या रांजणालाही इतिहास असतो, असे कोणी म्हटले तर वाचक हसतील. परंतु परभणी जिल्ह्यातल्या माणसाला रांजणाची थोरवी सांगावी लागत नाही. गोदावरी, दुधना, पूर्णा या नद्या जिल्ह्यातून वाहतात खऱ्या. पण नदी वाहते म्हणून घरचा हंडा भरतोच असे नाही. म्हणून आजीने रांजण भरला, आईने पिंप भरले आणि सुनेने गच्चीवर टाकी बसवली. पाणी साठवणे हा आमच्याकडे संसाराचा पहिला धडा. या साठवणीच्या आसऱ्याने एक चिमुकला जीव माणसाशेजारी राहत आला आहे. त्याची ओळख पटायला किती काळ लागला, त्याची ही हकीकत.

तिचा आरंभ आपल्याच जुन्या मुलखात होतो. त्या काळी परभणी निजामाच्या राज्यात होती, आणि त्याच राज्यात सिकंदराबादेस इंग्रजांची मोठी छावणी होती. रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर १८९५ साली तेथे आला. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात सापडलाच पाहिजे, असा त्याने ध्यास घेतला होता. हुसेन खान नावाचा एक रोगी त्याने हाताशी धरला आणि चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा देऊ केला. दोन वर्षे रॉस डास फाडून पाहत होता, पण हाती काही लागत नव्हते. कारण तो तपासत होता ते करड्या रंगाचे आणि पट्ट्यापट्ट्यांचे डास. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या तिसऱ्याच जातीच्या डासात त्याला हवे ते दिसले. १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

पट्टेवाला डास मात्र निर्दोष सुटला! हिवतापापुरता तो निर्दोष होताही. पण त्याच्यावरचा दुसरा खटला तेव्हा सातासमुद्रापलीकडे क्यूबा बेटात चालू होता. तेथे पीतज्वराने माणसे पटापट मरत. हा रोग पट्टेवाला डास पसरवतो, असे कार्लोस फिनले या डॉक्टरने १८८१ सालीच सांगितले होते. पण लोकांनी त्याला वेड्यात काढले. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या अमेरिकन मंडळाने ते सिद्ध केले. त्या कामी जेसी लाझिअर हा अवघ्या ३४ वर्षांचा डॉक्टर पीतज्वराने मरण पावला. पुढे गॉर्गस या अधिकाऱ्याने हवाना शहरात घरोघर माणसे पाठवून पाण्याची भांडी झाकवली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतवले, आणि शहरातला पीतज्वर हटवला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की ही लढाई रणांगणावर झाली नाही. ती पिंपांच्या आणि हौदांच्या काठी झाली.

पीतज्वर आपल्या देशात आला नाही हे आपले भाग्य. परंतु डास आपल्याकडे होताच. १९०६ साली ऑस्ट्रेलियातल्या बँक्रॉफ्ट यांनी डेंग्यूचा दोषही त्याच्याच माथी ठेवला, आणि पुढच्या संशोधनाने तो खरा ठरला. याचे शास्त्रीय नाव एडिस इजिप्ती. हिवतापाचा डास रात्री येतो. हा दिवसाढवळ्या चावतो. पायांवर पांढरे पट्टे, आवड स्वच्छ पाण्याची, वस्ती घरातच. गटाराकडे तो सहसा फिरकत नाही. चावते ती फक्त मादी. अंडी पोसायला तिला रक्त लागते. ती अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी आटले तरी अंडी महिनोन्‌महिने कोरडी पडून राहतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. मग आठदहा दिवसांत अळी, कोष आणि उडता डास! दुष्काळ सोसण्याची ही कला पाहिली की वाटते, हा प्राणी मराठवाड्यातच जन्मला असावा. मूळ मात्र त्याचे आफ्रिकेत. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून तो जगभर पसरला.

आपल्याकडे या विषाणूंचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो १९५२ साली पुण्यात निघालेल्या विषाणू संशोधन केंद्रात. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. त्याच सुमारास आफ्रिकेत टांगानिका देशात एक नवा ताप दिसला. सांधे इतके धरत की रोगी वाकून जाई. म्हणून तेथल्या माकोंडे भाषेत त्याला नाव पडले चिकुनगुन्या, म्हणजे वाकवणारा. १९६३ साली तो कलकत्त्यास, १९६५ साली नागपुरास आणि १९७३ साली बार्शीस आला. बार्शी म्हणजे मराठवाड्याच्या उंबरठ्यावरची बाजारपेठ. तेथे शंभरांतली सदतीसएक माणसे या तापाने पडली, असे तपासात आढळले. त्यानंतर ३२ वर्षे या रोगाचे नाव जवळजवळ ऐकू आले नाही. लोक विसरले, डास विसरला नव्हता. २००५ सालाच्या अखेरीस साथ पुन्हा उठली आणि २००६ साली मराठवाड्यासह साऱ्या देशात पसरली. संशयित रोग्यांची संख्या १३ लाखांच्या वर गेली. ताप दोनचार दिवसांत उतरे, पण मनगटे आणि गुडघे कित्येकांना महिनोन्‌महिने छळत राहिले. ज्याचे पोट हातावर, त्याचा हातच धरला तर त्याने खुरपे कसे उचलावे?

आता कोणी विचारील, एवढे कळल्यावरही हा डास हटत का नाही? १९५३ साली सरकारने हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली आणि घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली. तिने हिवताप पुष्कळ हटला. पण हा पट्टेवाला भिंतीपेक्षा खुंटीवरच्या कपड्यांत आणि खाटेखालच्या अंधारात बसणे पसंत करतो. धुराचे यंत्र गल्लीतून गेले की मुले मागे धावतात आणि मोठ्यांना समाधान वाटते. पण धुराने मरतात ते उडते डास, रांजणातल्या अळ्या नव्हेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच.

मग आरोग्य खाते सांगते, आठवड्यात एक कोरडा दिवस पाळा. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण जिच्या नळाला आठआठ दिवसांनी पाणी येते, ती गृहिणी विचारते, ‘साठवलेले पाणी ओतून देऊ, तर मुलांना प्यायला काय देऊ?’ या प्रश्नाला टाळ्याचे उत्तर चालायचे नाही. पाणी ओतून द्यायची गरज नसते. ते जाड कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात काढावे. खरे काम त्यानंतरचे. रिकाम्या रांजणाची आतली बाजू घासायची, कारण अंडी तेथे चिकटलेली असतात. नुसते विसळून ती निघत नाहीत. मग तोंडावर घट्ट फडके बांधावे. मोठ्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. आणि हे घासणे एकट्या बाईच्या माथी का असावे? रांजणातले पाणी घरातले सगळेच पितात.

तरी नगरपालिकेलाही आपला वाटा उचलावाच लागेल. नळ रोज आला, तर कोणती बाई हौसेने दहा भांडी भरून ठेवील? हवानाच्या गॉर्गसने घरे तपासली, तशी आपल्या कारभाऱ्यांनी नळाची वेळही तपासावी. साठवण हा आमचा दोष नव्हे. ती टंचाईने लावलेली सवय आहे.

दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या आदल्या दिवशी पुष्कळ घरांत हंडे-घागरी घासून लख्ख करतात आणि त्यांना हळदकुंकू लावून पाणी भरतात. ही रीत घालून देणाऱ्यांना विषाणू ठाऊक नव्हता. पाण्याचे मोल ठाऊक होते. यंदा त्या हंड्यांबरोबर रांजणाची आतली बाजूही घासून घ्यावी, आणि दिवाळी सरल्यावर दर आठवड्याला एक वार त्यासाठी ठरवून टाकावा.