सात फेऱ्यांची वाट

काळ ठरवता येतो अशी सात फेऱ्यांच्या चक्रव्यूहाची सर्वांत जुनी आकृती ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यात सापडली. इ. स. पू. १२००च्या सुमारास कोणा लेखनिकाने मातीच्या ओल्या पाटीवर बकऱ्यांचा हिशेब लिहिला आणि पाठीमागे हा चौकोनी चक्रव्यूह कोरला. पुढे राजवाडा जळाला, पाटी भाजून पक्की झाली, म्हणूनच आपण ती आज पाहू शकतो. कृती साधी आहे. मध्ये अधिकाची खूण, तिच्या चार कोनांत चार काटकोन, त्यांच्याही बाहेर चार ठिपके; हे झाले बीज. अधिकाचे वरचे टोक शेजारच्या टोकाला जोडायचे, मग दोन्ही बाजूंची पुढची टोके एकमेकांना, अशा एकंदर आठ रेषा. त्या वाकवल्या की चक्रव्यूह गोल होतो, कोपऱ्यात मोडल्या की चौकोनी. वाट तीच राहते: बाहेरून मोजल्यास तिसरी, दुसरी, पहिली, चौथी, सातवी, सहावी, पाचवी फेरी आणि मग केंद्र. तिला फाटा कुठेच नाही. क्रीटमधल्या क्नोससच्या नाण्यांवर ती आधी चौकोनी, पुढे गोलही उमटली.

हीच सात फेऱ्यांची वाट गोव्यात कुशावतीकाठी उसगाळीमळच्या जांभ्यावर कोरलेली आहे. बाराव्या शतकातल्या हळेबीडच्या मंदिरात अभिमन्यू ज्या चक्रव्यूहात शिरतो, त्याचा गाभा मात्र सर्पिल आहे. अधिकाच्या जागी त्रिकोणी बीज घेतले की तो असा वळतो. भारतीय हातांनी केलेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

तिकडे युरोपात रोमनांनी चौकोनाचे चार भाग पाडले आणि वाट एकेका भागातून फिरवली. नवव्या शतकात ओटफ्रिड या भिक्षूच्या ग्रंथात अकरा फेऱ्यांचा गोल चक्रव्यूह आला. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या शार्त्रच्या चर्चमध्ये अकरा फेऱ्यांचाच, पण नव्या वळणांचा, सुमारे तेरा मीटर व्यासाचा गोल दगडी चक्रव्यूह फरशीत बसला. १२८८ साली आमियाँच्या चर्चमध्ये त्याच वाटेला अष्टकोन मिळाला. सरळ कडांच्या फरश्यांना तो सोयीचाही असावा. रेंसच्या चर्चमध्ये कारागिरांनी अष्टकोनाच्या चार कोपऱ्यांना छोटे अष्टकोनी बुरूज जोडले. रेंसचा चक्रव्यूह १७७९ मध्ये उखडला गेला, पण सोळाव्या शतकात झाक सेलिएने काढलेले त्याचे रेखाटन उरले. फ्रान्समधल्या संरक्षित ऐतिहासिक वास्तूंवर आज जे बोधचिन्ह लावतात, ते याच नष्ट झालेल्या आकृतीवरून घेतलेले आहे.