येळवस, १९४८

तारीख ३० डिसेंबर १९४८, वार गुरुवार. गंगाखेड मागे टाकून तुम्ही पालमच्या दिशेने चालला आहात, गोदावरी डाव्या हाताला. शाळूच्या रानातली पायवाट दहिवराने भिजली आहे, पानं घासून गुडघ्यापर्यंत ओलं झालं आहे. ज्वारी पोटरीतून नुकती निसवू लागली आहे. हरभऱ्याला घाटे आलेत, जवसाला निळी फुलं. काळ्या जमिनीला भेगा पडायला लागल्या आहेत. या रानाला विहीर नाही, पावसाळ्यात जी ओल मुरली तिच्यावरच सगळं उभं आहे.

मागून बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज येतो. मग दुसरी गाडी, तिसरी. गाड्यांत बायका, पोरं, म्हातारी माणसं, फडक्याने तोंड बांधलेली मडकी. डोक्यावर पाट्या घेऊन चालणाऱ्या बायांची रांग वेगळीच. गावात मागे कुत्रीसुद्धा राहिली नसावीत. आज मार्गशीर्षातली अमावास्या. एरवी अमावास्या म्हटली की माणूस प्रवास टाळतो, नवं काम काढत नाही, लिंबू-मिरची ओलांडत नाही. इथे मात्र अख्खं गाव दाराला कडी लावून रानात निघालं आहे. वेळ अमावास्या म्हणा, इथल्या तोंडी ती येळवस.

या वर्षीच्या गर्दीला आणखी एक कारण आहे, आणि ते तुम्हाला माणसांच्या चालण्यातून कळेल. मागच्या येळवशीला हा मुलूख निजामाचा होता. रझाकारांच्या भीतीने माणसं दिवस मावळायच्या आत घरात शिरत, काही गावंच्या गावं हद्दीपलीकडच्या छावण्यांत जाऊन राहिली होती. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान घरांनी जे भोगलं तेही याच मातीवर घडलं; पंडित सुंदरलाल यांचं शिष्टमंडळ ते ऐकत या महिन्यातच संस्थानातून फिरून गेलं आहे. शंभरेक दिवस झालेत फक्त. उघड्या रानात दिवसभर बायकापोरांसह बसायचं, ही साधी गोष्ट यंदा साधी नाही.

"कुठलं गाव म्हणायचं, पाव्हणं?" एक म्हातारी बांधावरून विचारते. उत्तराची वाट न बघता सांगते, "चला कोपीकडं. आज जेवल्याबगर कुणाच्या रानातून जायचं नसतंय."

कोप म्हणजे कडब्याच्या पेंढ्या उभ्या टेकवून केलेली खोपी, वरून नवं लुगडं पांघरलेलं. आत वाकून बघा. पाच दगड धुऊन, चुन्याने रंगवून ओळीत मांडलेत, त्यांच्यावर कावेची बोटं ओढली आहेत. हे पांडव. त्यांच्यासोबत लक्ष्मी. मूर्ती नाही, देऊळ नाही, आणि भटजीही नाही. पूजा घरधनी आणि घरधनीण मिळून करतात. दगड काल नदीतले होते, उद्या बांधावरचे होतील. दामोदर धर्मानंद कोसंबी पुढे १९६२ मध्ये 'मिथ अँड रिॲलिटी'त पुण्याच्या आसपासच्या अशाच अनघड दगडांच्या देवता सांगतील. त्या पुस्तकाला अजून चौदा वर्षं आहेत. तुम्ही मात्र दगडांसमोर उकिडवे बसला आहात आणि ओल्या चुन्याचा वास येतो आहे.

आता पान वाढलं जाईल, तेव्हा घाई करू नका. आधी आंबील: ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेली, रात्रभर मडक्यात गार झालेली, लसणाची चव असलेली. मग बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, वांग्याचं भरीत. आणि भज्जी. भज्जीसाठी घरधनीण दोन दिवस रान हिंडली आहे. तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे सोले, मेथी, चुका, कांद्याची पात, जे जे म्हणून या महिन्यात हिरवं आहे ते सगळं बेसन लावून एका भांड्यात शिजलं आहे. मला या सणातलं सर्वांत खरं काही वाटत असेल तर ती भज्जी. शेतात काय काय पिकतं याची कबुली तिच्यात आहे. एकच पीक घेणाऱ्याला ती करताच येणार नाही.

पण नीट बघा. सालगड्याचं कुटुंब कोपीपासून जरा दूर, बाभळीखाली बसलं आहे. वर्षभर याच रानात राबलेल्या त्या बाईच्या हातावर आंबील उंचावरून पडते. रानात येताना सगळी वाट एक होती. पंगत एक नाही. मातीला आई म्हणणाऱ्या या दिवसातही हे होतं, आणि ते पाहिल्यावाचून पुढे जाणं मला मान्य नाही.

जेवणाआधीच घरधन्याने एक काम केलं आहे. आंबिलीचं मडकं काखेत धरून, हातात झाडाची डहाळी घेऊन तो उभ्या पिकाला फेरी घालून आला. डहाळी आंबिलीत बुडवायची आणि पिकावर शिंपडायची. याला चर शिंपणं म्हणतात. मागे पोरं ओरडत पळत होती. आधी पिकाने खायचं, मग माणसांनी. ज्वारी दाण्यावर येणार आहे. गरोदर बाईचे डोहाळे पुरवावेत तसं तिचं कौतुक चाललं आहे.

इथून हजारो कोस दूर, याच हिवाळ्यात, इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर नावाचा एक निवृत्त कस्टम अधिकारी चेटूक आणि ऋतुपूजेच्या अशाच काही गोष्टींत रमला आहे. सिलोन आणि मलायात त्याची उमेदीची वर्षं गेली. पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, त्याचं लेखन कादंबरी म्हणून छापलं जाईल, कारण १७३५चा चेटूकविरोधी कायदा तिकडे अजून जिवंत आहे. तो १९५१ मध्ये रद्द होईल आणि १९५४ मध्ये गार्डनर 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक उघडपणे काढेल. त्यातून जो पंथ वाढला तो विक्का. देवी आणि देव अशी जोडी, चंद्राच्या कलांची पूजा, ऋतूंप्रमाणे वर्षाचे आठ सण, आणि कुणालाही इजा करू नये हा मुख्य नेम. डिसेंबरात सर्वांत मोठी रात्र येते तेव्हा ते यूल पाळतात. आपली येळवस त्याच्या आगेमागेच पडते.

चेटकीण हा शब्द ऐकला की आपल्याकडे अंगावर काटा येतो. यायलाच हवा, कारण त्या शब्दाच्या नावाखाली विधवांना, एकट्या बायकांना मारहाण झाली आहे. महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करायला २०१३ उजाडावं लागलं. विक्का पाळणाऱ्यांनी तोच शब्द उचलून आपल्या शांत उपासनेला लावला, हे धाडस मला मोठं वाटतं. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ मध्ये सप्रमाण दाखवलं की हा पंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकात घडलेला आहे. त्याने त्याची किंमत कमी होत नाही. ज्यांच्या हातून रान सुटलं त्यांनी ऋतूंकडे परतायची वाट पुस्तकांतून शोधली. तुमच्या समोरच्या म्हातारीच्या हातून ते अजून सुटलेलं नाही, एवढाच फरक. आणि तो टिकेल याची हमी कुणी दिलेली नाही.

ऊन कललं. कोपीसमोर तीन दगडांवर छोटं मडकं चढतं, त्यात दूध. सगळे भोवती गोळा. दूध कोणत्या अंगाने उतू जाईल त्या दिशेला पुढच्या साली पाऊसपाणी चांगलं, असा समज. फेस चढतो, काठावर थांबतो, पूर्वेकडे ओघळतो. गलका होतो. मग कडब्याची पेंढी पेटवून एक तरणा पोरगा पिकाभोवती पळतो आणि गाड्या जुंपल्या जातात.

आता चोवीस वर्षं पुढे. ४ जानेवारी १९७३, हीच अमावास्या, हेच रान. दुष्काळाचं साल. खरीप गेलं, रब्बी पेरलीच गेली नाही. बाया खडी फोडायच्या कामावर आहेत, पोरांच्या हातात सुकडी, घरात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. कोप करायची तर कडबा नाही. असता तर तो आधी बैलांच्या तोंडी गेला असता. भज्जीत घालायला हिरवं पान नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ नुकतंच, १९७२ मध्ये, सुरू झालं आहे. रब्बी ज्वारीचा 'परभणी मोती' हा वाण तिथूनच येईल, पण त्याला अजून बराच काळ आहे.

आणि आता तुमचा काळ. खरिपात बहुतेक सोयाबीन आणि कापूस. शाळू कमी झाला तसा कडबा महागला. काही कोपी साडीच्या किंवा शेडनेटच्या उभ्या राहतात. माणसं मात्र पुण्या-मुंबईहून गाड्या करून या दिवशी रानात येतात, वाटसरूला अजूनही हाक मारतात. भाजी बरीचशी बाजारातून येते, आणि मला खटकतं ते हेच. पूजा कुणी बंद पाडलेली नाही. पूजेला लागणारं रानच एकेका पिकाने रिकामं होत चाललं आहे. कापसात दोन तासं वालाची, कडेला तूर, बांधावर तीळ, विहिरीजवळ चुका-मेथीचा वाफा. हे जूनमध्ये पेरलं, दिवाळीनंतर वाफे भरले, थोडा शाळू धरला, तर मार्गशीर्षात भज्जी घरच्या रानाची होते. यंदाच्या पेरणीची यादी करताना घरातल्या बायकांना विचारा. कोणती तासं कुठे टाकायची ते त्यांना माहीत असतं.