गोविंदा आपला खासदार होता तेव्हा

2004 ते 2009 वसईचा खासदार कोण होता, असं नालासोपाऱ्यातल्या कॉलेजच्या पोरांना विचारून बघा. गोविंदा म्हटलं की हसतात. पण खरं आहे. वसई तेव्हा बोरिवली-मालाडच्या जोडीला ‘मुंबई उत्तर’ लोकसभेत होती. त्याआधी राम नाईकही आपलेच.

हे बदललं 2008 मध्ये. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाचा नकाशा आला. पालघर ही आदिवासींसाठी राखीव लोकसभा झाली, नालासोपाऱ्याला वेगळा आमदार मिळाला, तालुक्याच्या पूर्वेकडची गावं बोईसर मतदारसंघात गेली. हिशेब मात्र 2001 च्या जनगणनेचा. तेव्हा विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपरिषदांत मिळून पावणेपाच लाखही माणसं नव्हती. 2011 ला, आजूबाजूची गावं धरून, महापालिकेत 12 लाखांवर. नकाशा लागू झाला तेव्हाच शिळा झाला होता!

आणि तोच अजून चालू आहे. विधानसभेच्या सीमा 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत हलवायच्या नाहीत, असं संविधानातच आहे. 2024 ला नालासोपाऱ्यात मतदार सुमारे 6 लाख, डहाणूत त्याच्या निम्म्याच्या आसपास. आमदार दोन्हीकडे एकच. म्हणजे आचोळ्याच्या चाळीतल्या माणसाचं मत डहाणूवाल्याच्या अर्ध्या वजनाचं. पाण्यासाठी बोंब मारायची तर तोंडही अर्धंच. (नगरसेवकांचे प्रभाग मात्र निवडणूक आली की नव्याने पाडतात. 2015 ला 115 वॉर्ड होते, आता 29 प्रभाग, बहुतेक चार-चार जणांचे. तिथे तक्रार उलटी, आपला नगरसेवक नेमका कोण तेच कळत नाही.)

मग डोकी मोजून नवी रेषा मारली की झालं? मला इथेच अडखळायला होतं. नुसती डोकी मोजली तर जागा वसई-विरारला वाढणार आणि डहाणू-जव्हारचे मतदारसंघ आणखी पसरणार. तिथला आमदार आधीच घाट चढून पाड्यांवर पोचतो, पोचला तर. कायदा लोकसंख्येबरोबर भूगोल, तालुक्याच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघायला सांगतो, ते उगाच नाही. तरीही दुप्पट फरक कुठल्याच सोयीत बसत नाही, असं माझं मत.

पुढच्या वेळी मसुदा निघेल, हरकतींना मुदत मिळेल. मी पूर्वपट्टीतल्या गावांसाठी अर्ज करणार आहे. कोण येतंय बरोबर?