फुटलेली पाळ : सिकलसेल, एक वायू आणि पेशींतील निरोपांचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यात पाणी अडवण्याची विद्या फार जुनी आहे. मामा तलावांची पाळ असो वा धानाच्या बांधीची, पाणी कोठे थांबते यावर पीक ठरते. याच प्रदेशात, विशेषतः देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीतील गोंड वस्त्यांत आणि विदर्भातील इतर अनेक समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचा इतिहास सांगताना विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशीची गोष्ट सांगितली जाते. ती खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी गोष्ट एका पाळीची आहे, आणि ती उलगडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आधी परिचित भाग थोडक्यात. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात लांबट, वाकड्या तांबड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमके बोट ठेवले : एका साखळीत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले आहे, एवढाच फरक. भारतात १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींत हा दोष सापडला. १९५८ साली आर. एन. शुक्ल आणि बी. आर. सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली, आणि विदर्भाचे दुखणे जागतिक वैद्यकाच्या पानांवर आले.

योगायोग असा की त्याच १९५८ साली अमेरिकेत अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यांचे एका छोट्या रेणूविषयीचे निबंध प्रसिद्ध झाले. तो रेणू म्हणजे सायक्लिक एएमपी. हार्मोन पेशीच्या दारापर्यंत येतो, आत मात्र हा रेणू निरोप पोहोचवतो. या शोधासाठी सदरलँड यांना १९७१ चे नोबेल मिळाले. पण एक कोडे शिल्लक राहिले. इतका लहान रेणू पाण्यात विरघळून पाहता पाहता सगळ्या पेशीभर पसरायला हवा. तसे झाले, तर प्रत्येक निरोप सगळीकडे जाईल आणि कोणताच निरोप वेगळा राहणार नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लॉरेन्स ब्रंटन आणि सहकाऱ्यांना हृदयाच्या स्नायूत विलक्षण गोष्ट दिसली : दोन वेगवेगळी द्रव्ये सायक्लिक एएमपी वाढवतात, पण हृदयाच्या आकुंचनाचा जोर त्यांपैकी एकच वाढवते. रेणू तोच, परिणाम निराळा. म्हणजे पेशीच्या पोटातही बांध्या असल्या पाहिजेत. हा रेणू तोडणारी विकरे ठिकठिकाणी बसलेली असतात आणि पाझरणारा निरोप वाटेतच संपवतात, हा विचार पुढे बळावला. २००२ साली मॅन्युएला झाकोलो आणि तुल्लिओ पोझान यांनी हृदयाच्या जिवंत पेशींत सायक्लिक एएमपीचे असे छोटे, वेगळे डबके प्रत्यक्ष पाहिले.

आता या कल्पनेला आव्हान देणारा रेणू : नायट्रिक ऑक्साइड. हा वायू. पेशीचे पटल त्याला अडवत नाही. १९७७ मध्ये फेरिड मुराद यांनी दाखवले की नायट्रोग्लिसरिनसारखी औषधे हाच वायू सोडतात आणि त्यामुळे स्नायुपेशीत सायक्लिक जीएमपी वाढते. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या तपासताना दिसले की आतला नाजूक थर शाबूत असेल तरच रक्तवाहिनी ॲसिटिलकोलिनने सैलावते. थर खरवडला गेला की नाही. तो थर काहीतरी सोडत होता, आणि ते काही सेकंदांत नाहीसे होत होते. फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी १९८६ मध्ये ते द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड असल्याचे सुचवले. पुढच्याच वर्षी साल्व्हादोर मोंकादा यांच्या गटाने आणि स्वतः इग्नारो यांनी पुरावा दिला. १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांत वाटले गेले. मोंकादा वगळले गेले, यावर आजही वाद होतो, आणि तो अगदीच निराधार नाही.

या शोधकथेतील एक बारीकसा तपशील आपल्या विषयासाठी सर्वांत मोलाचा आहे. प्रयोगात हिमोग्लोबिन मिसळले की रक्तवाहिनी सैलावणे बंद होई, कारण हिमोग्लोबिन या वायूला गिळून टाकते. पण रक्तात तर दर १०० मिलिलिटरला साधारण १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असते! मग रक्तवाहिनीच्या भिंतीत निघालेला निरोप शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचतोच कसा? १९९४ मध्ये जॅक लँकेस्टर यांनी या वायूच्या विसरणाचे गणित मांडून हा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढील संशोधनातून उत्तर मिळत गेले. हिमोग्लोबिन मोकळे नसते, ते तांबड्या पेशींत कोंडलेले असते. वाहत्या रक्तात त्या पेशी मध्यभागी राहतात आणि भिंतीलगत पेशीविरहित पातळ पट्टा उरतो. शिवाय वायूला पेशीपर्यंत पोहोचून आत शिरावे लागते, त्यात वेळ जातो. या मांडणीमुळे कोंडलेले हिमोग्लोबिन वायूला मोकळ्या हिमोग्लोबिनपेक्षा शेकडो पटींनी सावकाश गिळते. निरोप वाचतो तो या पाळीमुळे.

पाळ नसेल तर काय होते, याचा कटू धडा कृत्रिम रक्ताच्या प्रयत्नांनी दिला. पेशीबाहेर काढलेल्या हिमोग्लोबिनपासून केलेले एक द्रावण अपघातग्रस्तांना देऊन पाहण्याची अमेरिकेतील चाचणी १९९८ मध्ये मध्येच थांबवावी लागली. द्रावण मिळालेल्यांत मृत्यू जास्त होते. अशा द्रावणांनी रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो, हे आधीच लक्षात आलेले होते.

सिकलसेलमध्ये हीच पाळ शरीराच्या आतच, रोज फुटत असते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची बहुतेक वेळा १० ते २० दिवसच. ती फुटली की हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडते. २००२ साली ख्रिस्तोफर राइटर, मार्क ग्लॅडविन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रुग्णांचे रक्तद्रव नायट्रिक ऑक्साइड नष्ट करते, आणि ज्यांच्या रक्तद्रवात असे हिमोग्लोबिन जास्त, त्यांच्या रक्तवाहिन्या हा वायू देणाऱ्या औषधालाही नीट दाद देत नाहीत. विळ्यासारख्या पेशी वाट अडवतात हे खरेच. पण वाट रुंद करण्याचा निरोपही वाटेतच हरवतो.

इतकी सुबक उपपत्ती मिळाल्यावर उपाय सोपा वाटला. वायू कमी पडतो, तर तो द्यावा. तसे घडले नाही. निरोपाचा परिणाम लांबवणाऱ्या सिल्डेनाफिलची चाचणी २००९ मध्ये थांबवली गेली, कारण औषध घेणाऱ्यांना वेदनेचे झटके अधिक येऊ लागले. नायट्रिक ऑक्साइड श्वासावाटे देऊनही झटका लवकर ओसरत नाही, असे २०११ मध्ये स्पष्ट झाले. विज्ञानाच्या इतिहासात अशा निकालांना दोन ओळींत उरकण्याची प्रथा आहे. रुग्णांच्या दृष्टीने मात्र ती वर्षे गेली.

हाताशी आले ते हायड्रॉक्सियुरिया, मुळात कर्करोगावरचे जुने औषध. १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने त्यामुळे वेदनेचे झटके कमी होतात हे सिद्ध केले. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात आणि कमी फुटतात. म्हणजे हरवलेला निरोप भरून काढण्याऐवजी ते पाळच सावरते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी हे औषध कमी मात्रेत, शरीराच्या दर किलो वजनाला रोज १० मिलिग्रॅम, मुलांना देऊन पाहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एवढी मात्राही उपयोगी पडते. विदर्भातील कुटुंबांना याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. गोंदियाच्या रोवणीच्या दिवसांत मात्र रुग्णाला आजही पहिला सल्ला मिळतो तो असा : भरपूर पाणी प्या, चिखलात भिजून कुडकुडत राहू नका. शरीरातले पाणी आटले की तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन दाटते, त्याच्या कांड्या लवकर बनतात आणि पेशी वाकते.