प्रतिकृती विमानाचे इंजिन : तपशिलांची घडण

विमानाच्या स्थिर प्रतिकृतीसाठी तयार संचातले भाग न वापरता तार, नळी, दोरा, प्लॅस्टिकचा पत्रा अशा कच्च्या साहित्यातून इंजिनाचे दर्शनी भाग घडवण्याची कारागिरी. असे इंजिन चालत नाही. ते चालू शकेल असे पाहणाऱ्याला वाटावे, एवढीच अपेक्षा असते. ही प्रतीती तपशिलांच्या संख्येतून येत नाही. मूळ यंत्रात कोणता भाग काय काम करतो हे ओळखून केलेल्या निवडीतून ती येते.

उदाहरणार्थ, डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आराखडा केलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये प्रथम उडाले. पहिल्या नमुन्याला जिप्सी मेजर, तर पुढील विमानांना सिरस मेजर इंजिन होते. दोन्ही इंजिने हवेने थंड होणारी, चार सिलिंडरांची आणि उलटी बसवलेली : क्रँककेस वर, सिलिंडरांची डोकी खाली. ही रचना चुकली, तर कितीही बारीक तारा जोडल्या तरी इंजिन खोटेच दिसते. जिप्सी मेजरच्या प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. म्हणून तांब्याच्या आठ तारा मॅग्नेटोपासून (ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या भागापासून) निघून योग्य प्लगपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. कुठूनही निघून कुठेही संपणारी नववी तार वास्तवता वाढवत नाही, घटवते.

यावर आक्षेप असा, की प्रतिकृती म्हणजे मोजमाप. निवड करणे ही पळवाट आहे. पण जिप्सी मेजरच्या सिलिंडरचा ११८ मिमी आतील व्यास १:४८ प्रमाणात सुमारे अडीच मिमी होतो, आणि सिलिंडर थंड ठेवणारी १ मिमी जाडीची फिन (पातळ पाकळी) ०.०२ मिमी. ती हाताने कापणे जवळजवळ अशक्य, आणि कापली तरी डोळ्याला दिसत नाही. म्हणून लहान-मोठ्या चकत्या आलटून-पालटून रचून, कमी फिनांतून खोबणींतली सावली साधतात. दोरा गुंडाळूनही हा परिणाम मिळतो. मात्र दमट पावसाळी हवेत सुती दोरा ओल धरतो, त्यामुळे तिथे प्लॅस्टिकच्या चकत्याच बऱ्या.

काम न करणारा भाग दाखवणे हा निव्वळ देखावा, हा दुसरा आक्षेप. मावळातील भाजे येथील इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले, कातळात कोरलेले चैत्यगृह त्याला उत्तर देते. तिथले दगडी खांब आत कललेले आहेत. अखंड कातळात त्या कलाची गरज नव्हती. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलण्यासाठी असा कल लागे. कोरणाऱ्यांनी भार वगळला, भाराची खूण राखली, म्हणून ती वास्तू पटते. इंजिनालाही हाच न्याय लागू होतो. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, उघडे दाखवायचे असेल, तर तारा आणि नळ्यांचे मार्ग पूर्ण हवेत. ते बंद असेल, तर एक्झॉस्टचे तोंड आणि हवेचा झरोका नेमका साधला की पुरे.