अंगणावांचून चैत्रांगण

चैत्र शुद्ध प्रतिपदेस मराठी घरावर गुढी उभारली जाते आणि शालिवाहन शकाचें नवें वर्ष सुरू होतें. वेळूची काठी, तिच्यावर खण किंवा रेशमी वस्त्र, कडुनिंबाची व आंब्याची डहाळी, फुलांचा हार, साखरेची गाठी आणि वर पालथा तांब्या, एवढें तिचें साहित्य. सूर्यास्ताच्या सुमारास ही गुढी उतरविली जाते. परंतु तिच्यामागून दोनच दिवसांनीं चैत्रगौर झोपाळ्यांत बसते, आणि ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे पुरता एक महिना, घरांत नांदते. वसंतांतील घरसजावटीचा खरा हंगाम हा महिना होय. आणि या सजावटींत हाताचें कसब सर्वांत अधिक लागतें तें दारापुढील चैत्रांगणाला. मुंबईच्या माहीमसारख्या भागांत दारापुढचें अंगणच नाहींसें झालें, तेव्हां चैत्रांगणाचें काय झालें? प्रश्न लहान दिसतो. पण त्यांत एका शहराचा आणि त्यांतील स्त्रियांचा इतिहास सांठलेला आहे.

चैत्रांगण म्हणजे नुसती शोभेची रांगोळी नव्हे. मध्यभागीं मखरांत किंवा झोपाळ्यांत गौर; वर एका बाजूस सूर्य, दुसऱ्या बाजूस चंद्र; भोंवतीं शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, मोर, अंबारीचा हत्ती, पालखी, समई, आंब्याची कोयरी, फणी, आरसा, करंडा, आणि लक्ष्मीचीं पाउलें. कोणी हीं चिन्हें एकावन्न मानतात, कोणी चौसष्ट. देवांचीं आयुधें आणि बाईच्या नित्याच्या वापरांतील फणी-करंडा येथें शेजारीशेजारी बसतात, आणि त्यांत उच्चनीच भाव नसतो. सारवलेल्या जमिनीवर अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींतून शिरगोळ्याची भुकटी सोडीत हें चित्र काढावयाचें, दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाडून टाकावयाचें, आणि पुन्हां नव्यानें काढावयाचें, असा महिनाभराचा नेम असे.

या कलेचें मूळ फार जुनें आहे. वात्स्यायनानें कामसूत्रांत दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत तांदूळ व फुलें यांच्या रचनेची कला आलेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत धूलिचित्र हा चित्राचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून सांगितला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील पंडित परशुराम कृष्ण गोडे यांनीं रंगवल्लीच्या इतिहासाचीं साधनें परिश्रमानें एकत्र केलीं. तथापि ग्रंथांनीं नोंद केली ती कलेच्या प्रकाराची. ज्या बोटांनीं ती कला शतकानुशतकें चालविली, त्या बोटांच्या धनिणी अनामिकच राहिल्या.

माहीमचीहि हीच कथा. महिकावतीची बखर राजवाड्यांनीं १९२४ सालीं छापून प्रसिद्ध केली. उत्तर कोंकणांतील राजे, कुळें, वतनें यांच्या माहितीसाठीं अभ्यासक आजहि ती चाळतात. अंगणांतील रेषांची बखर मात्र कोणी लिहिली नाहीं. मुंबईच्या सात बेटांपैकीं माहीम हें एक. नारळीच्या आणि ताडाच्या वाड्यांसाठीं तें प्रसिद्ध होतें. या वाड्यांच्या आश्रयानें भंडारी व इतर कुळें राहत. अशा गांवांत सणाची सजावट विकत आणावी लागत नसे. तोरणाला आंब्याचीं पानें, मांडवाला विणलेल्या झावळ्या, गुढीला कडुनिंब, हें सारें हाताच्या अंतरावर असे. कोंकणपट्टींत भाताचीं तुसें जाळून उरलेली पांढरी राख हीच रांगोळी होई. शेजारच्या ख्रिस्ती घरांत याच ऋतूंत झावळ्यांच्या रविवारीं पानांचा क्रूस विणला जाई. धर्म दोन, सण दोन. पण झाड एकच.

हें चित्र पालटलें तें हळूहळू. माहीम आणि वांद्रें यांच्यामधील खाडीवरचा बांध १८४५ सालीं खुला झाला. त्यासाठीं लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनीं मोठी देणगी दिली होती, आणि माहीमचा हमरस्ता आजहि लेडी जमशेटजी यांच्याच नांवानें ओळखला जातो. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. तिच्यामागून १८९८ सालीं मुंबई सुधारणा ट्रस्टची स्थापना झाली, आणि शहराच्या उत्तरेस दादर-माटुंग्याकडे आंखीव वसाहती वसूं लागल्या. १९२५ सालीं माहीम पार्क हें मैदान लोकांस खुलें झालें. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें १९२७ सालीं त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें, आणि त्याच्या भोंवतीं मजल्यांच्या इमारती उठल्या. त्यांत गॅलरी आली, नळ आला, विजेचा दिवा आला. उजेड व हवा यांची सोय झाली. अंगण मात्र राहिलें नाहीं.

येथें गृहिणीनें काढलेली तोड लक्षांत घेण्यासारखी आहे. शेणानें सारवलेली जमीन किंचित् खरबरीत असते. तीवर रांगोळीचा कण जागच्या जागीं बसतो. गुळगुळीत फरशीवर तो घसरतो, आणि फिक्या रंगावर पांढरी रेघ उठतहि नाहीं. म्हणून लांकडी पाटाला गेरू लावून तो वाळविला, आणि त्यावर चैत्रांगण काढलें. पाट उंबरठ्याशीं ठेवावा, जिन्याच्या तोंडाशीं ठेवावा, किंवा थेट गौरीपुढें ठेवावा. अशा रीतीनें अंगण हें घराचा भाग न राहतां उचलून ठेवण्याची वस्तु झालें. गुढीची काठी गॅलरीच्या कठड्याला बांधली गेली. गौरीची आरासहि दोन खोल्यांच्या मापाची झाली: डब्यांवर फळ्या मांडून पायऱ्या, त्यांवर जरीचें लुगडें, मातीच्या थाळींत अळीव पेरून उगविलेलें हिरवें शेत, आणि सुरीनें कोरलेलें कलिंगडाचें कमळ. हळदीकुंकवास आलेल्या बायकांस आंब्याची डाळ, कैरीचें पन्हें आणि भिजविलेले हरभरे मिळत. एका घरची आरास पाहून दुसऱ्या घरीं तीहून सरस करण्याची ईर्षा उत्पन्न होई, आणि तीच या कलेची शाळा होती.

या शाळेचें एक दार मात्र बंद होतें, हें सांगितल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं. विधवा स्त्रीला हळदीकुंकवाचें बोलावणें नसे. ज्या आजीच्या हातची रेघ घरांत सर्वांत सुबक, तिनेंच समारंभाच्या वेळीं आंतल्या खोलींत बसावें, असा प्रकार अनेक घरांत होता. आज पुष्कळ ठिकाणीं ही रूढि मोडली आहे. ज्या घरांत ती उरली असेल, तेथें ती मोडल्यानें सणाचें कांहीं उणें होणार नाहीं. उलट एक जाणता हात परत मिळेल.

अलीकडे भोंकांचे छापे, रांगोळीच्या नळ्या आणि चिकटविण्याचीं छापील चित्रें आलीं. दादरच्या बाजारांत वीतभर उंचीच्या तयार गुढ्याहि मिळतात. नोकरीवर जाणाऱ्या स्त्रीचा वेळ त्यानें वांचतो, आणि या सोयीला नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. दुसऱ्या बाजूस, डोंबिवलींत १९९९ सालीं नववर्षाची स्वागतयात्रा निघाली, तिचें अनुकरण गांवोगांव झालें, आणि हरवलेलें अंगण जणूं रस्त्यावर येऊन मोठमोठ्या रांगोळ्यांनीं भरून गेलें. सणाचा उत्साह आटलेला नाहीं, हें यावरून उघड आहे.

तरीहि छाप्यांत आणि चिमटींत एक भेद आहे. देवळांतील मूर्ति भंगली तर तिचे अवशेष उरतात. पोथी फाटली तर दुसरी प्रत असते. चैत्रांगणाची मूळ प्रत कोठेंच नसते. तें रोज पुसलें जातें, आणि काढणारीच्या हातांत तेवढें शिल्लक राहतें. छापा चित्र देतो. पण हत्तीची सोंड कोठून सुरू करावी, गौरीचें मखर किती घरांचें घ्यावें, हें हाताला शिकवीत नाहीं. एका पिढीनें चिमट सोडली, तर पुढच्या पिढीला नक्कल करावयासहि कांहीं उरणार नाहीं. अंगण गेलें तेव्हां ही कला गेली नाहीं, कारण ती जमिनींत नव्हतीच. गेरूचा एक पाट, मूठभर रांगोळी आणि शेजारीं बसलेलें एक मूल, एवढ्यावर ती चालत आली आहे. मुलगी असो वा मुलगा, त्या मुलाच्या बोटांतून पहिली वांकडी रेघ उतरली कीं ती आणखी एका पिढीपुरती जगली.